पदरात बांधलेला लाडू

तीनशे माणसं एकाच वेळी रडताना तुम्ही कधी ऐकली आहेत का? मयताची गोष्ट वेगळी, तिथं रडता रडता कुणी मध्येच खुदकन हसत नाही. इथं हसतही होती. रहिमतपूर मागं टाकून चार-पाच मैल आत गेलं की एक उघडाबोडका माळ लागतो. त्या माळावर पत्र्याचा मंडप, आणि मंडपात दर अमावस्येच्या तिन्हीसांजेला ही गर्दी. कुणी हवेत हात फिरवून कुणाचा तरी गाल कुरवाळतंय, कुणी "आलासा व्हय, बसा की" म्हणत शेजारची जागा पदरानं झटकतंय. एक मिशाळ म्हातारा तर मेलेल्या भावाशी बांधावरून भांडत होता आणि भांडता भांडता आनंदानं त्याचा ऊर भरून येत होता.

मधोमध चौरंगावर बसलेले भेटबाबा. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. गेलेल्या माणसाशी भेट घडवतात म्हणून भेटबाबा. हातात माईक, गळ्यात माळा.

"ध्यान द्या," बाबा सांगत होते. "शरीर म्हणजे मोबाईल. आत्मा म्हणजे सिमकार्ड. मोबाईल फुटला म्हणून नंबर मरतो का? नंबर चालूच असतो. फक्त रेंज पाहिजे. रेंज मी देतो."

बाबांचे स्वतःचे दोन मोबाईल होते आणि माळावर रेंज नसल्यामुळं दोन्ही बंद होते. पण हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

त्या तीनशे माणसांत एकच बाई कोरडी बसली होती. आष्ट्याच्या गुणमालाकाकी. वय बासष्ट, पांढऱ्यावर बारीक फुलांचं पातळ, मांडीवर हात. पदराच्या टोकाला गाठ, गाठीत एक लाडू. शेजारी अंबूबाई डोळे मिटून "धनाजी, जेवलास का रं," असं पुटपुटत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं होतं की काकींना बघवेना. ही त्यांची तिसरी अमावस्या. सगळ्यांची माणसं येत होती. त्यांचं येत नव्हतं.

काकींचे यजमान वर्धमान दोन वर्षांमागं गेले. सांगलीच्या दवाखान्यात आठ दिवस होते. काकी खुर्चीवर बसून रात्री काढत होत्या. आठव्या दिवशी, दिवस कलायच्या आधी, त्या जेवायला खाली उतरल्या. जैनांचं घर, रात्रीभोजनाचा त्याग, नवराबायको दोघांनी चाळीस वर्षं पाळलेला नियम. मावळतीनंतर अन्नाचा कण नाही. पंधरा मिनिटांत चार घास गिळून वर आल्या तर नर्सनं चादर वर ओढली होती. त्या दिवसापासून काकींच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. मी जेवायला गेले. ते जाताना मी जेवत होते.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? मुलगी भाग्यश्री बेंगळुरूला. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि नातवाला पुढं करून चार मिनिटांत फोन ठेवायची. गल्लीतल्या बायका तेरा दिवस आल्या, मग आपापल्या कामाला लागल्या. घरात दोन पाट, दोन ताटं, आणि जेवणारं माणूस एक. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज सकाळी दर्शनाला जायच्या. शास्त्र ऐकलेल्या बाईला हे पक्कं ठाऊक होतं की आत्मा क्षणात पुढच्या जन्माला लागतो, तो माघारी येऊन बसत नाही. तरी अंबूबाईनं "चला की वैनी, एकडाव बघा तर," म्हटल्यावर त्या गाडीत बसल्या. एकटेपण आलं की माणूस स्वतःच्या शहाणपणाचंही ऐकत नाही.

अंबूबाई म्हसवडकडची, धनगराची. दरवर्षी सुगीनंतर तिचं कुटुंब मेंढरं घेऊन खाली यायचं आणि वर्धमानांच्या रानात मेंढरं बसवायचं. लेंडीखत रानाला, धान्य धनगराला, असा दोन पिढ्यांचा रिवाज. तिच्या थोरल्या मुलाला, धनाजीला, कळप रस्त्यानं हाकत असताना एका ट्रकनं उडवलं. सव्वीस वर्षांचा होता. तेव्हापासून कुटुंब म्हसवडला न परतता आष्ट्याच्या आसपासच मेंढरं घेऊन राहत होतं.

आष्ट्याहून जीप चारला निघायची आणि माळावर पोचेस्तोवर दिवस मावळायचा. काकी कराडच्या अलीकडं, गाडी चहाला थांबली की आपला डबा उघडून एकट्या जेवून घ्यायच्या. मंडपात शिरताच कृष्णात, बाबांचा उजवा हात, बादलीतून एकेकाच्या हातावर लाडू ठेवायचा. तुपाचा, गुळाचा, वरून खसखस. "तोंडात टाका, हात झटका, जय म्हणा." मग दीड तास भजन. मग ट्यूबा बंद, एक समई, तिच्याकडं टक लावून बसायचं. मग घंटा. "आले," बाबा हळूच म्हणायचे. "बसू द्या त्यांना." आणि ते सुरू व्हायचं.

नंतर भाताची पातेली उतरत. माणसं अशी जेवत की चार दिवसांची उपाशी असावीत. बाबांकडं याचंही उत्तर होतं. "तुम्ही नाही जेवत. गेलेला माणूस तुमच्या तोंडानं जेवतो." डोळे लाल झाले, ती भेटीची लाली. तोंडाला कोरड पडली, तर आत्मा कंठातून येतो. छाती धडधडली, तर दोन जीव एका पिंजऱ्यात. अंगाला जे जे होईल त्याला बाबांकडं तयार नाव होतं.

पहिल्या खेपेला काकींनी कृष्णातला सांगितलं, "आमचा नियम हाय. दिवस मावळला की खात न्हाई."

"असू द्या मावशी, घरी न्हेऊन खावा," तो म्हणाला. मनानं मोकळा गडी. ती चूक त्याला पुढं भोवणार होती.

काकींनी पहिले दोन लाडू फोटोपुढं ठेवले आणि दुसऱ्या दिवशी बांधावरच्या मुंग्यांना घातले. मुंग्यांचं पुढं काय झालं ते कुणी बघितलं नाही.

तिसऱ्या अमावस्येला भात वाढला जात असताना बाबांनी काकींना जवळ बोलावलं. त्यांना सगळं कळलेलं होतं, म्हणजे कृष्णातनं सांगितलेलं होतं.

"माई, तुझे मालक येतात," बाबा डोळे मिटून म्हणाले. "उंबऱ्यापर्यंत येतात. रुसलेत. तुझा नियम आडवा पडतो, आणि माघारी जातात."

जे काकींनी कुणालाच सांगितलं नव्हतं, तेच हा माणूस बोलत होता. म्हणजे खरंच. नियमापायी मी त्यांना सोडून गेले आणि त्याच नियमापायी ते आत येत नाहीत.

"पुढच्या अमावस्येला तो नियम माझ्या पायाशी ठेव. प्रसाद इथंच, माझ्यासमोर खा. मग बघ."

परतीच्या वाटेवर सगळ्या जणी पेंगत होत्या. काकी एकट्या जाग्या. चाळीस वर्षांचा नियम. तो एकटीचा नव्हता, दोघांचा होता. यजमानांचं जे काही उरलं होतं त्यात तो नियमच काय तो रोज हाताला लागायचा. तो मोडायचा, की त्यांना उंबऱ्यावर उभं ठेवायचं? आष्ट्याला उतरताना त्यांनी ठरवून टाकलं होतं. मोडायचा.

सकाळी बस्तीतून आल्यावर मात्र त्यांच्या मनात एक पळवाट आली. लाडू पदरात होताच. दिवसा खाल्ला तर? नियमही राहील आणि प्रसादाचा मानही राहील. अशी तडजोड त्यांच्यासारख्या बाईलाच सुचावी. साडेआठला त्यांनी अर्धा लाडू खाल्ला, अर्धा स्टीलच्या डबीत ठेवला. काहीच झालं नाही. त्या भात टाकून तांदळाचा दुसरा डबा निवडत बसल्या.

दहाच्या सुमाराला भिंतीवरचं घड्याळ संथ झालं. एक टिक झाली आणि दुसरी येईपर्यंत कितीतरी वेळ गेला. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती, ती काकींना इतकी सुंदर वाटली की त्या बघतच राहिल्या. आणि मग वर्धमान पाटावर बसलेले होते. सदरा, टोपी, मांडी घालून, नेहमीसारखे. ना घंटा, ना समई, ना बाबा. भर उन्हात.

काकी हरखल्या. ताट मांडलं, भात वाढला, आमटी घातली. ते हसत होते. आणखी वाढला. आणखी. त्यांनी हात आडवा केला नाही. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्या वाढपालाच ताटावर हात आडवा धरायचा. "पुरे." काकींनी कितीदा त्यावरून बोलून दाखवलं होतं की जरा मन भरून वाढू तरी द्या. आज हात येईना. काकी वाढत राहिल्या. भात ताटाच्या काठावरून खाली आला, फरशीवर पसरला, आणि त्या वाढतच होत्या. मग एकाएकी त्यांची छाती धडाधड उडायला लागली. हे कोण बसलंय? ह्यांना पुरे का होत नाही? घसा लाकडासारखा कोरडा. आपण मरतो आहोत असं त्यांना स्वच्छ वाटलं. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. त्यांना वाटत होतं, दिवस संपला.

फोनवर त्यांनी दीपालीचं नाव कसं शोधलं ते त्यांनाच आठवत नाही. दीपाली त्यांच्या भावाची, भरतेशची मुलगी, सांगलीला फार्मसी कॉलेजात शिकवते. पाऊण तासात ती गाडी घेऊन दारात आली. फरशीवर भाताचा ढीग, त्याशेजारी भिंतीला टेकून आत्या, डोळे लालभडक. नाडी एकशे अठरा.

"आत्या, काय खाल्लंस?"

"काय न्हाई गं. अर्धा लाडू. प्रसादाचा."

"कधी?"

"साडेआठला."

दीपालीनं डबी उघडून वास घेतला आणि पुढचे चार तास आत्याचा हात धरून बसली. "हे उतरतं. यानं सहसा कुणी मरत नाही, पण तुझ्या बीपीच्या गोळीवर हे चांगलं नाही. झोप." दुपारी काकींना गाढ झोप लागली. उठल्या तेव्हा भूक अशी लागली होती की खाली पडलेला भात फेकून दिल्याचं त्यांना वाईट वाटलं.

दिवस असतानाच दोघी जेवायला बसल्या. पाटावर आज खरं माणूस होतं. काकी दुसऱ्यांदा वाढायला वाकल्या तशी दीपालीनं ताटावर हात आडवा धरला. "पुरे, आत्या." आणि हात तसाच ठेवून ती थांबली.

"हेच बघ. तुझ्या लाडवानं हेच केलं."

"काय केलं?"

"डोक्यात पेशी असतात, कोट्यवधी. एक पेशी निरोप वाढते, पुढची तो घेते. घेणारीचं पोट भरलं की ती वाढणारीकडं उलटा निरोप पाठवते. पुरे. असा आडवा हात. तो निरोप शरीर स्वतःच तयार करतं, पेशीच्या अंगातल्या स्निग्धापासून, लागेल तेव्हा, लागेल तेवढाच. वाढणारीच्या अंगावर त्यासाठी कुलूप असतं. निरोप त्यात बसला की वाढणं थांबतं. क्षणात तो निरोप मोडून जातो आणि पंगत पुढं सुरू. शास्त्रज्ञांनी अशा एका निरोपाचं नाव संस्कृतातल्या आनंदावरून ठेवलंय."

"बरं नाव हाय."

"आता गांजाच्या पाल्यात एक पदार्थ असतो, तो नेमका त्याच कुलपात बसतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, आणि बसला की लवकर उठत नाही. मग कुणी नको म्हटलेलं नसताना सगळ्या पंगतीत हात आडवे. आठवणी लावून ठेवणाऱ्या भागात, वेळ मोजणाऱ्या भागात. आत्ताचं कुठलं आणि मागचं कुठलं हे निवडायचं काम ढिलं पडतं. तू ज्यांची वाट बघत होतीस ते दिसले. ज्याला कुणाची वाट नाही त्याला काहीच दिसणार नाही, नुसती झोप येईल किंवा भीती वाटेल."

"आणि भूक? पुरे म्हटल्यावर भूक कशी लागंल?"

दीपाली हसली. आत्या पहिल्यापासून हुशार. "भुकेला आवर घालणाऱ्याही पेशी असतात. त्यांनाच पुरे म्हटलं की भूक सुटते मोकाट. छातीत धडधड, तोंडाला कोरड, सगळं त्याच कुलपांचं काम. ती नुसती डोक्यात नाहीत, आतड्यात आहेत, हृदयाशी आहेत. तशीच दुसऱ्या जातीची रक्तातल्या पेशींवर आहेत."

"पण चिलीम ओढणाऱ्याला चढतं तसं लगीच न्हाई झालं मला."

"तीच तर बाबाची अक्कल. धूर ओढला तर पाच मिनिटांत कळतं आणि माणूस ओळखतो. तुपात परतून लाडवात घातला की तुपात विरघळतो, पोटातून यकृतात जातो, तिथं त्याचं आणखी जोरदार रूप होतं, आणि तास-दीड तासानं डोक्यात चढतो. तोवर खाल्लेलं कुणाच्या ध्यानात राहतं? भजन राहतं. घंटा राहते. दीड तास भजन उगीच नाही, आत्या. त्याला घड्याळ बघून घंटा वाजवायची असते."

काकींनी हातातली पळी भांड्यात परत ठेवली.

"म्हणजे," त्या हळू म्हणाल्या, "हे माझ्यावर रुसले नव्हते."

"आत्या, आतोबा आलेच नव्हते. रुसायचे कुठून?"

काकींना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच घटकेला घर आधीपेक्षा रिकामं झालं. रुसलेला का होईना, उंबऱ्यावर एक माणूस होता. आता उंबऱ्यावर कुणीच नव्हतं. त्या रात्री त्यांना खूप रडू आलं आणि ते रडणं लाडवाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीपालीनं उरलेल्या लाडवाचा कण कॉलेजात नेऊन त्यावर तपासायचं औषध टाकलं. तांबूस रंग आला. पक्का अहवाल सरकारी प्रयोगशाळेतून यायचा, म्हणून उरलेला तुकडा आणि अर्ज दोन्ही पोलिसांकडं गेले. पण काकींना तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. जीपमधल्या तेरा बायका त्यांनी डोळ्यांपुढं आणल्या. पोलीस बाबाला नेतील. बायका म्हणतील, देवमाणसाला छळलं, आणि दुसरा मंडप शोधतील.

चौथ्या अमावस्येला जीप कराडच्या अलीकडं थांबली तेव्हा काकींनी नेहमीचा डबा काढला नाही. मोठी पिशवीच काढली. चौदा माणसांच्या भाकरी, झुणका, दही.

"आज माझ्यासंगं दिवस असतानाच जेवा," त्या म्हणाल्या. "आणि एक करा. आजचा प्रसाद खाऊ नका. पदरात बांधा, उद्या सकाळी खुशाल खावा. बाबांत शक्ती असंल तर एका लाडवावाचून त्यांचं काय अडतंय?"

"वैनी, तुमाला भेट हुईना म्हणून आमाला बी उपाशी ठेवतासा व्हय," एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. पण खाल्ल्या मिठाला माणूस जागतं. अकरा जणींनी कबूल केलं. अंबूबाई मात्र भाकरीचा तुकडा हातात घेऊन रस्त्याकडं बघत बसली होती.

मंडपात कृष्णातची बादली फिरली. अंधार पडायला लागलेला, गर्दी दाट, त्याला कुणाच्या तोंडाकडं बघायला सवड नव्हती. अकरा गाठी पडल्या. काकींची बारावी. अंबूबाईच्या हातातला लाडू बराच वेळ तसाच होता. मग तिनंही पदर पुढं घेतला.

भजन झालं. समई झाली. घंटा झाली. "आले," बाबा म्हणाले, आणि मंडप भरून हुंदके सुरू झाले. आष्ट्याच्या बायका एका ओळीत कोरड्या बसून राहिल्या. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. आजवर हे सगळं त्यांनी आतून बघितलं होतं, आज पहिल्यांदा बाहेरून दिसत होतं. शेजारचा माणूस हवेला कवटाळून डोलत होता आणि त्याच्या मिठीत काहीच नव्हतं.

काकी उभ्या राहिल्या.

"बाबा, मी चार अमावस्या आले. मनात शंका नव्हती, आस होती. मागचा प्रसाद मी घरी खाल्ला. सकाळी, उन्हात. तुम्ही नव्हता, घंटा नव्हती, आणि हे आले. मग भेट तुमच्यात हाय का लाडवात?"

"माई, खाली बस. शंकेखोराला भेट नाही."

"मला नको. ह्या बारा जणींनी आज प्रसाद खाल्लेला न्हाई. ह्यांतल्या एकीला तरी भेट घडवा. घडली तर चाळीस वर्षांचा नियम आत्ता, इथं, तुमच्या पायाशी ठेवते."

बाबांनी कृष्णातकडं बघितलं, आणि मग रागाच्या भरात तोंडापुढचा माईक विसरून ते बोलून गेले.

"अरे, खाल्लाच नाही तर होणार कसं? वाढ त्यांना आधी!"

ते वाक्य चारही कर्ण्यांतून माळभर गेलं.

मागच्या रांगेत दीपालीसोबत साध्या कपड्यांत बसलेले दोन हवालदार उठले ते थेट बादलीकडं गेले. दीपालीनं माईक घेतला आणि लाडवात काय आहे, ते तूप-गुळातून डोक्यात कसं चढतं, हे सरळ सांगितलं. ज्यांना रक्तदाबाची, साखरेची औषधं चालू आहेत त्यांनी आज रात्री एकटं झोपू नये, हेही सांगितलं. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. निम्म्याहून जास्त माणसांच्या डोक्यात अजून लाडू होता. तो मिशाळ म्हातारा भावाशी बोलत होता आणि "जरा हळू बोला, ऐकू येईना झालंय," असं सगळ्यांना सांगत होता. काकींनी ते बघितलं. जिंकल्यासारखं त्यांना मुळीच वाटलं नाही.

जीप आष्ट्याला आली, अंबूबाई उतरली आणि दरवाजा धरून म्हणाली, "वैनी, माजा धनाजी तुमी दुसऱ्यांदा मारलासा."

मग तीन आठवडे ती दिसली नाही.

सुगी उरकली. रान मोकळं झालं, आणि एका दुपारी काकी बांधावर पोचल्या तर मेंढरं रानात पसरलेली. अंबूबाईचा धाकटा, शंभूराज, वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावत होता. यंदा येतील असं काकींना वाटलं नव्हतं. अंबूबाई बांधावर पाय सोडून बसली होती. काकी जवळ जाऊन बसल्या.

"वास मला पयल्याच दिशी आला हुता," अंबूबाई एकदम म्हणाली.

"कसला?"

"त्या पाल्याचा. मेंढरानं खाल्ला की दिसभर एका जागी डुलतंय. जलम मेंढरांत गेला, मी वळखत न्हाई व्हय? पर धनाजी येत हुता. मग म्या नाक झाकून घिटलं."

"मला बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? घरात त्येचं नाव काडलं की शंभूराज ताटावरनं उठून जातुया. मालक तर आईकत बी न्हाईत. माळावर कुनी गप बस म्हनत न्हवतं, वैनी. तिथं त्येचं नाव मोठ्यानं घेता येत हुतं."

काकी म्हणाल्या, "माझ्याजवळ घे. मी गप बस म्हणणार न्हाई."

अंबूबाईनं सांगितलं. धनाजी लहानपणी कोकराच्या गळ्यात गळा घालून झोपायचा. चहात पाच चमचे साखर घ्यायचा. कळपातलं लंगडं मेंढरू खांद्यावर घेऊन कोसभर चालायचा. ती बोलत होती, रडत होती, आणि मध्येच हसली देखील. तिनं काही खाल्लेलं नव्हतं.

"तुमचं मालक कसं गेलं?" तिनं डोळे पुसत विचारलं. "मी तवा म्हसवडाकडं हुते. मला कुनी धड सांगितलंच न्हाई."

दोन वर्षांत हे काकींना कुणी विचारलं नव्हतं. त्या पहिल्यापासून सांगायला लागल्या. खोली, खिडकी, सलाईन. आठवा दिवस. "सकाळपासून बोलत नव्हते. चारच्या पुढं मी म्हटलं, आज न्हाई जात जेवायला. इथंच बसते." आणि काकी थांबल्या. कारण पुढचं त्यांना आत्ता, सांगता सांगता, आठवलं. 'मी जेवायला गेले' याच्या ओझ्याखाली ते दोन वर्षं दबून राहिलं होतं. वर्धमानांनी सुई टोचलेला हात गादीवरून उचलला होता. आडवा धरला होता, ताटावर धरायचे तसा. पुरे. आणि दाराकडं बोट केलं होतं.

"त्यांनीच धाडलं मला," काकी म्हणाल्या. "अंबूबाई, मी गेले न्हाई गं. त्यांनी धाडलं."

हे त्यांना लाडवानं दिलं नव्हतं. लाडवातल्या वर्धमानांना तर हात आडवा करणं माहीतच नव्हतं. शुद्धीवरच्या डोक्यानं दिलं, आणि समोर ऐकणारं माणूस होतं म्हणून दिलं. तेव्हा बाबांनो, बायांनो, उद्या कुणी गेलेल्याची भेट घडवतो म्हणाला तर त्याला आधी विचारा की तू खायला काय घालतोस आणि ते न खाता भेट होते का. एवढा एक प्रश्न भल्याभल्यांचा मंडप खाली आणतो. आणि शेजारी कुणी एकटं बसलं असेल तर त्यालाही एक विचारा, तुझं माणूस कसं गेलं. हे आपण कुणी विचारत नाही, म्हणून लोक माळावर जातात.

सावल्या लांबल्या होत्या. शंभूराजनं वाघर बांधून पुरी केली आणि मेंढरं आत घातली. काकी अजून तशाच बसून होत्या, तोंडावर पदर धरून. अंबूबाईनं मावळतीकडं बघितलं, उठून पातळ झटकलं आणि काकींना हात दिला.

"उठा वैनी," ती म्हणाली. "दिस मावळंल. जेवून घ्या."